नवमीला उभी ठेवलेली फियाट

मी एक जुनी फियाट आहे. राखाडी रंगाची, चार दारांची. मित्रांनो, तुम्ही मला ताथवड्याच्या रस्त्यावर पाहिलं असेल. माझ्याजवळ यायला हरकत नाही. दार उघडा, आत बसा, हॉर्न वाजवा. फक्त माझ्या अंगावर हार घालू नका. हार पाहिला की माझं डोकं फिरतं. माझ्यावर सहा वर्षं एक खोटा आळ होता. तो कुणी घातला आणि कसा फिटला, ते मी सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

माझा जन्म १९६२ सालचा, मुंबईतल्या कारखान्यातला. पण माझा आराखडा इटलीचा. तिकडे मोठी लढाई होऊन गेली होती. लोकांकडे पैसा थोडा होता, गावांचे रस्ते अरुंद होते. म्हणून तिथल्या लोकांनी एक लहान गाडी काढली. पेट्रोल कमी पिणारी, साध्या माणसाला परवडणारी, घरची पाच माणसं मावतील अशी. आपल्याकडच्या लोकांनी ती इथे बनवायचा परवाना घेतला. माझ्या थोरल्या बहिणी खोक्यांत भरून बोटीने आल्या आणि इथे फक्त जोडल्या गेल्या. मग सरकार म्हणालं, असं चालणार नाही, दर वर्षी जास्त भाग इथेच बनले पाहिजेत. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या लहान लहान वर्कशॉपमध्ये माझे तुकडे बनू लागले.

काही वर्षांनी इटलीत माझी घडण बंद झाली. तिकडे नव्या गाड्या आल्या. इथे मात्र मीच बनत राहिले. कधी पुढची जाळी बदलली, कधी नाव बदललं, आत मीच. आणि इथे गाडीचा नंबर लागायला माणसाचं अर्धं आयुष्य जायचं. त्यामुळे एक गोष्ट बिघडली. इटलीत मी साध्या माणसाची गाडी होते. इथे मी देव झाले. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तेच आहे.

माझी पहिली बारा वर्षं चांगली गेली. माझे पहिले मालक चिंचवडचे डॉक्टर सोपानराव. ते मला पायातल्या चपलेसारखं वापरायचे. बाळंतपण असो, ताप असो, कुणाचा हात मशीनमध्ये सापडलेला असो, डॉक्टर बॅग पुढच्या सीटवर फेकायचे आणि निघायचे. परत येताना मागच्या सीटवर पेशंट असायचा. माझ्या सीटवर रक्त सांडलं, उलट्या झाल्या, एकदा देहूच्या रस्त्यावर एक मुलगीही जन्माला आली. दसऱ्याला डॉक्टरही माझी पूजा करायचे. कुंकू लावायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, लगेच गाडी पुढे घेऊन लिंबू चिरडायचे आणि पेशंट बघायला जायचे. हार वाऱ्याने उडून गेला तरी त्यांना पत्ता नसायचा. मला तेव्हा वाटायचं, यांना माझी किंमत नाही. मी मूर्ख होते.

१९७४ साली डॉक्टरांची नजर कमी झाली. माझी पुढची चाकंही डगडगू लागली होती. त्यांनी मला अण्णासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथे हिंदुराव नावाचा टर्नर होता. ताथवड्याचा माणूस, लेथवर हात बसलेला. त्याने माझ्या चाकाची किंगपिन बाहेर काढली. किंगपिन म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती जाड पोलादी पिन. त्याने ती फडक्याने पुसली, उजेडात धरली आणि ओरडला, "अण्णासाहेब, ही माझी हाय!"

"तुझी कशी? डॉक्टरची गाडी आहे ती."

"पिन माझी हाय. ह्ये बघा तीन ठिपके. बासष्ट साली मुंबईला माल जायचा, तवा मी ठिपके मारायचो."

"मग काय, बारसं करतोस का तिचं?" अण्णासाहेब म्हणाले. सगळे हसले. हिंदुराव हसला नाही. पिनेकडे बघतच राहिला. इटलीहून आलेल्या आराखड्यावरून त्याने शेकडो पिना केल्या होत्या आणि त्यातली एकही चाकात बसलेली कधी पाहिली नव्हती.

त्याच सुमारास त्याची ताथवड्याबाहेरची जमीन कारखान्यासाठी गेली होती. तिच्या पैशातून त्याने मला डॉक्टरांकडून विकत घेतलं. टर्नरने गाडी घेतली म्हणून सगळं गाव बघायला आलं. त्याची बायको कस्तुरा दारात उभी होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आणली का सवत? हिला जेवायला काय लागतं?"

"पेट्रोल."

"माझ्यापरास महाग हाय की मग."

शेजारच्या शालनबाई खो खो हसल्या. कस्तुराही हसली. तिला मूलबाळ नव्हतं. बोलायला तोंड मात्र धारदार होतं. मला ती पहिल्या दिवशीच आवडली.

हिंदुराव मला आवडला नाही. तो माझी निगा राखायचा, म्हणून आवडला नाही. ऐकायला विचित्र वाटेल. त्याने माझ्यासाठी पत्र्याची शेड बांधली. सीटवर जाड प्लास्टिक चढवलं. रोज सकाळी फडकं मारायचा, दर रविवारी इंजिन सुरू करून पाच मिनिटं ऐकायचा आणि बंद करायचा. कामावर जायचा सायकलने. पाऊस असला की म्हणायचा चिखल लागेल, ऊन असलं की म्हणायचा रंग उडेल. दोन वर्षांत मी आठ-दहा वेळा शेडच्या बाहेर पडले असेन.

कस्तुराचं माहेर चाकणला. तिचा भाऊ मालोजी तिथल्या कांद्याच्या बाजारात हमालांचा मुकादम होता आणि आई दुर्गाबाई त्याच्याजवळ राहायची. कस्तुराला एकच हौस होती. पुढच्या सीटवर बसून चाकणला जायचं आणि गाडी थेट बाजारात न्यायची.

"आईला बघू दे, लेक मोटारीतून आली ती," ती म्हणायची.

"जाऊ की. जरा रस्ता सुधारू दे."

"रस्ता सुधारंस्तवर मी म्हातारी हुईन. आन ह्ये प्लास्टिक काढा आधी. पाठीला चिकटंल."

"सीट खराब हुईल."

"मग मी खराब झालेली चालंल व्हय तुमाला?"

तो फडकं मारत राहायचा.

शेवटी १९७६ च्या दसऱ्याचं ठरलं. दसऱ्याला सकाळी निघायचं, चाकणला जाऊन सगळ्यांना सोनं द्यायचं. कस्तुराने आठ दिवस आधी मालोजीला निरोप धाडला.

मित्रांनो, आता खंडेनवमीचं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या सगळ्या पट्ट्यात हत्यारांची पूजा होते. शेतकरी कोयता-विळा पूजतो, कामगार लेथ पूजतो, ड्रायव्हर गाडी पूजतो. एकदा पूजलं की दसऱ्यापर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. तिला विसावा द्यायचा. रीत चांगली आहे. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस मिळतो. पण हिंदुरावाच्या मनात त्या रीतीची भीती बसली होती. अडुसष्ट साली एका घाईच्या ऑर्डरसाठी अण्णासाहेबांनी पूजलेली लेथ सुरू करायला लावली होती आणि उद्धवराव नावाच्या कारागिराची दोन बोटं गेली होती. हिंदुराव शेजारच्या मशीनवर उभा होता. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की मला पाठ झाली होती. बोटं घाईमुळे गेली. हा म्हणायचा, पूजलेलं उठवलं म्हणून गेली.

त्या नवमीला त्याने मला सकाळीच धुतलं. कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचा जाड हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. सायकललाही एक लहान हार घातला.

कस्तुराच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. नवरात्राचा नऊ दिवसांचा उपास होता, म्हणून तिला वाटलं पित्त झालं. शालनबाईंनी आलं-लिंबू दिलं. दुपारी कळा वाढल्या. तीनच्या सुमाराला ती शेडजवळच्या ओट्यावर वाकून बसली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अहो," ती म्हणाली, "गाडी काढा आता. ह्ये पित्त न्हाई."

हिंदुराव किल्ली घेऊन आला. माझ्या दारापाशी उभा राहिला. मी तयार होते. टाकीत चाकणला जाऊन येण्याइतकं पेट्रोल होतं. बॅटरी भरलेली होती. आदल्या रविवारी त्यानेच प्लग साफ केले होते. बारा वर्षं मी हेच काम केलं होतं, मला चिंचवडच्या दवाखान्याचा रस्ता डॉक्टरांच्या बोटांइतका ओळखीचा होता. मित्रांनो, आयुष्यात त्या दिवसाइतकी चांगली मी कधीच नव्हते.

त्याने हाराकडे पाहिलं. लिंबांकडे पाहिलं. किल्ली मुठीत मिटली.

"पूजलीय गं," तो म्हणाला. "हिला उठवली आन तुला काय झालं तर? मी दुसरी गाडी आणतो. आलोच."

गल्लीतली पाच-सात माणसं उभी होती. एकानेही म्हटलं नाही की बाबा, किल्ली फिरव. शालनबाईंनीही नाही. सगळ्यांना त्याचं म्हणणं बरोबर वाटलं.

सायकलही पूजलेली होती. म्हणून तो पळत गेला. आधी गावातल्या टेंपोवाल्याकडे. टेंपोला हार होता. टेंपोवाला म्हणाला, "भाऊ, उद्या सकाळी सांग, फुकट नेतो. आज चाक हलवायचं न्हाई." मग वाकडकडे. तिथल्या दोन्ही गाड्यांना हार. त्या दिवशी आमच्या सगळ्या भागात चाकं होती आणि एकही फिरत नव्हतं. शेवटी तो हमरस्त्यापर्यंत गेला आणि गुजरातकडे निघालेल्या एका ट्रकपुढे आडवा उभा राहिला. ट्रक घेऊन तो परत आला तेव्हा पाच वाजून गेले होते.

ते दोन तास कस्तुरा माझ्यासमोरच्या ओट्यावर होती. एकदा तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू तरी ऊठ की गं, सवते." मला आवाज नव्हता. किल्लीशिवाय मी पत्रा आहे.

ट्रकने तिला नेलं. पोटात आतडं फुटलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. दसऱ्याला सकाळी ती गेली.

चाकणहून मालोजी आला. मर्तिकाच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, गाडी हुती ना दारात? ट्रकमधनं का नेलं तिला?"

हिंदुराव खाली बघत म्हणाला, "चालू झाली न्हाई. लई प्रयत्न केला."

मी शेडमध्ये होते. मी ऐकलं. शालनबाईंनी ऐकलं, गल्लीने ऐकलं, कुणी काही बोललं नाही. मालोजी चालत माझ्यापाशी आला आणि माझ्या दारावर लाथ मारली. तो पोचा अजून आहे. मग तो हिंदुरावाला म्हणाला, "असलं डबडं पुजत बसलात. पुन्हा चाकणला तोंड दाखवू नका."

माझ्यावरचा आळ तो हाच. चालू झाली नाही! जी गाडी एका हाकेत उठायची, तिच्यावर.

त्यानंतर हिंदुरावाने माझ्याकडे बघणं सोडलं. फडकं नाही, रविवार नाही. हार माझ्यावरच वाळला आणि गळून पडला. लिंबं चाकांखाली काळी होऊन दगडासारखी झाली. टायर बसले. उंदरांनी वायरी खाल्ल्या. शालनबाईंच्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. तो कामाला जायचा, यायचा, एका माणसाचा भात शिजवायचा. मला त्याची दया आली नाही. तो खोटं बोलला होता आणि ते मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, सगळ्या गल्लीलाही माहीत होतं. आम्ही दोघं एकमेकांचा राग करत सहा वर्षं एकाच अंगणात राहिलो.

१९८२ च्या उन्हाळ्यात शालनबाई त्याच्या अंगावर आल्या. "हिंदुराव, एक तर वीक, न्हाईतर चालव. उंदरामागं साप यायला लागल्यात."

त्याने भंगारवाला बोलावला. भंगारवाल्याने बॉनेट उघडलं, इंजिनात हात घातला, तेल मोजायची डिपस्टिक ओढून पाहिली. म्हणाला, "राव, इंजिन तर झकास आहे. बंद कशाने पडली ही?"

हिंदुरावाने त्याच्या हातातून डिपस्टिक घेतली, पुसली आणि जागेवर घातली. मग म्हणाला, "बंद पडली न्हाई. मी बंद ठेवली."

सहा वर्षांत त्याने पहिल्यांदा खरं सांगितलं, तेही एका परक्या माणसाला. भंगारवाल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो भाव बोलू लागला. हिंदुरावाने त्याला परत पाठवलं.

त्या दिवसापासून संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊ लागला. टायर, बॅटरी, वायरी बदलल्या, टाकी काढून गंज खरवडला, ब्रेक सोडवले. किंगपिन गंजून गेल्या होत्या. त्या त्याने लेथवर नव्या केल्या. या वेळी ठिपके मारले नाहीत. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मीही त्याला सोपं जाऊ दिलं नाही. पहिल्या दिवशी त्याने वीस वेळा किल्ली फिरवली, मी नुसती खोकले. त्याची बोटं सोलली, तेव्हा मला बरं वाटलं.

नवमीच्या सकाळी त्याने अंघोळ केली आणि रिकाम्या हाताने शेडमध्ये आला. हार नाही, कुंकू नाही. गल्ली बघत होती. टेंपोवाला ओरडला, "हिंदुराव, आज? नवमी हाय!"

"म्हाईत हाय," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली.

मी पहिल्या हाकेत उठले. त्याच्यासाठी नव्हे. माझ्या अब्रूसाठी.

चाकणला कांद्याच्या बाजारात ट्रक हार घालून उभे होते. हमाल सावलीत बसले होते. मी आत शिरले तेव्हा सगळे वळून बघू लागले. मालोजी उठला. "कशाला आलात?" तो म्हणाला. "तोंड दाखवू नका म्हणलं हुतं ना?"

"मामींना भेटायचंय."

दुर्गाबाई बाजाराला लागूनच असलेल्या मालोजीच्या दारात बसलेली होती. खूप म्हातारी झाली होती. ती काठी टेकत माझ्यापाशी आली. माझ्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं.

"आज नवमी," ती म्हणाली. "नवमीला चालवलीत गाडी?"

"व्हय."

"मग तवा न्हाई चालली ती, जावईबापू?"

हिंदुराव खाली उतरून उभा राहिला. बाजार ऐकत होता. मला वाटलं, हा पुन्हा माझ्यावर ढकलणार.

"चालली असती," तो म्हणाला. "मी किल्लीच फिरवली न्हाई, मामी. पूजली हुती म्हणून. ती म्हणत हुती गाडी काढा. मी काढली न्हाई. आन खोटं बोललो."

मालोजीने त्याची कॉलर धरली. दुर्गाबाईने काठी मध्ये घातली. "थांब," ती म्हणाली. तिने माझं पुढचं दार उघडलं. सीटवर ते जुनं प्लास्टिक अजून होतं. पिवळं पडलेलं, पण धड. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि फाडलं. एका ओढीत फाटलं नाही. नखं लावून, दात ओठ खाऊन तिने ते टराटरा काढलं आणि बाजाराच्या मातीत फेकून दिलं. मग ती सीटवर बसली. इतक्या वर्षांत कितीतरी माणसं त्या सीटवर बसून गेली होती, कस्तुरा सोडून.

"चला," ती म्हणाली. "तुमच्या दारातनं दवाखान्यात न्या मला. किती लांब हुतं ते बघू द्या."

मालोजी मागे बसला. आम्ही ताथवड्याला आलो. हिंदुरावाने मला ओट्यासमोर उभं केलं, बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. दुर्गाबाईने मालोजीला घड्याळ बघायला सांगितलं. आम्ही निघालो. थेरगाव गेलं, नदी गेली, चिंचवड आलं. मी एकदाही अडखळले नाही. दवाखान्याच्या फाटकाशी हिंदुरावाने ब्रेक दाबला.

"किती?" दुर्गाबाईने विचारलं.

"एकोणीस मिनिटं," मालोजी म्हणाला.

दुर्गाबाई फाटकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच हुतं व्हय?"

हिंदुरावाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याला कुणी उगी केलं नाही. मीही नाही.

मित्रांनो, आता माझी किल्ली हिंदुरावाच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असते. गाडी चालवता येणारा कुणीही ती घेऊ शकतो, आजारी माणूस असला की विचारायचंही नाही. माझ्या सीटवर डाग पडलेत. मागचं दार नीट लागत नाही. मालोजी अजून हिंदुरावाशी बोलत नाही, पण मागच्या महिन्यात त्याने कांद्याचं एक पोतं धाडलं.

तुमच्या घरी सायकल असेल, शिलाईचं मशीन असेल, बापाने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली एखादी वस्तू असेल. तिला तेल द्या, पुसा, पूजाही करा हवी तर. पण माणूस कळवळत असताना तिला हार घालून उभी ठेवू नका. आणि ठेवलीत, तर ती बंद पडली होती असं सांगू नका.

हिंदुरावाला मी माफ केलेलं नाही. पण किल्ली फिरवली की मी सुरू होते.